एकशेतीस टक्के

साठ आणि सत्तर मिळून एकशेतीस होतात, यात कुणाचं दुमत असायचं कारण नाही. तरीही त्यानं ती बेरीज तीनदा केली. एकदा मनात, एकदा कागदाच्या कडेला पेन्सिलीनं, आणि तिसऱ्यांदा कुणी बघत नाही असं पाहून कॅल्क्युलेटरवर. मग त्यानं दोन्ही फॉर्म शेजारीशेजारी ठेवले आणि त्यांच्याकडे नुसताच बघत बसला. एकतीस वर्षं तो वाहनविम्याच्या या कंपनीत सर्वेअर होता. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि चूक थोडी इकडची, थोडी तिकडची असली, की कुणाची किती हे ठरवायचं काम त्याच्याकडे येई. फॉर्मवर सातवा प्रश्न असे : अपघातात तुमचा स्वतःचा दोष तुमच्या मते किती टक्के? लोक शून्य लिहीत. काहीजण रकाना मोकळाच सोडत. एखादा भला माणूस पाच लिही, तेही बायकोनं कोपरानं ढोसल्यावर. दोन्ही बाजूंची बेरीज कशीबशी पाचावर, फार तर दहावर जाऊन थांबे, आणि उरलेल्या नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांना घर शोधून देणं हा त्याचा धंदा होता. बेवारस दोष उचलायचा, त्याची उंची-रुंदी मोजायची, आणि ज्याच्या दारात शोभेल त्याच्या दारात नेऊन ठेवायचा. पण आज त्याच्यापुढे दोष कमी पडत नव्हता, तीस टक्के वर आला होता.

"काय तराजू, पारडं कुठं अडकलं?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं. हे नाव त्यांनीच त्याला वीस वर्षांपूर्वी ठेवलं होतं आणि आता शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तेच वापरत.

"जास्त झालंय," तो म्हणाला.

"काय जास्त झालंय?"

"दोष."

"मग थोडा आमच्या ह्यांना द्या," त्या टाइप करता करता म्हणाल्या. "त्यांच्याकडे कधीच नसतो."

तो हसला नाही. त्याला कुठेतरी बारीकसं टोचत होतं, चपलेत खडा जावा तसं. अपघात अगदीच किरकोळ होता. सकाळी पावणेआठला एका गल्लीतून एक जुनी, सायीच्या रंगाची छोटी गाडी मुख्य रस्त्यावर आली, आणि मुख्य रस्त्यानं येणारी शाळेची व्हॅन तिच्या दारावर आदळली. छोटी गाडी चालवत होत्या बहात्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. व्हॅनमध्ये सहा मुलं होती. कुणाला काही झालं नाही. एका मुलीचा दात पडला, पण तो आधीपासून हलतच होता, आणि तो पडल्याचा तिला इतका आनंद झाला की पोलिसांच्या कागदावर 'जखमी' या शब्दापुढे हवालदारानं प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. अशा प्रकरणांचा निकाल तो चहा निवायच्या आत लावत असे. पण या दोघांचे जबाब त्यानं सकाळपासून चार वेळा वाचले होते. लोकांच्या जबाबांतली क्रियापदं कशी अंग चोरून उभी असतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. 'ब्रेक लागला नाही.' 'गाडी पुढे गेली.' 'अचानक समोर खांब आला.' एकतीस वर्षांत त्याच्यासमोरून भिंती चालत आल्या होत्या, झाडं आडवी आली होती, आणि एकदा तर एक तळं मागून येऊन गाडीवर आदळलं होतं. त्यात कर्ता शोधू गेलं तर तो कधीच पसार झालेला. आणि इथे शिक्षिकाबाईंनी वळणदार, ठळक अक्षरात लिहिलं होतं : 'गल्लीच्या तोंडाशी थांबण्याची पांढरी पट्टी आहे. मी थांबले नाही. पट्टी मला दिसत होती.' त्या शेवटच्या वाक्याची काहीच गरज नव्हती. पट्टी पुसट होती असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या. निम्म्या शहरातल्या पट्ट्या पुसटच असतात. व्हॅनवाल्याचं अक्षर मोठं, कोंबडीच्या पायांसारखं, पण त्यानंही लिहिलं होतं : 'मी आतल्या आरशात बघत होतो. एक-दोन म्हणेपर्यंत. रस्त्यावर बघत नव्हतो.' बाईंचे साठ, व्हॅनवाल्याचे सत्तर. ही माणसं कोण आहेत, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यात संशय किती आणि कौतुक किती, याचीही टक्केवारी तो नकळत काढू लागला.

तशी ती त्याची खोडच होती. घरी दूध उतू गेलं तरी तो म्हणे, तुझे तीस, गॅसचे सत्तर. मुलगी परीक्षेत मागे पडली तेव्हा त्यानं तिचे पंचेचाळीस, शिक्षकांचे पंधरा, मैत्रिणीचे चाळीस असा हिशेब मांडला होता, आणि ती पोर रडायचं सोडून हसायला लागली होती. पण कामात तो हे हसण्यावारी नेत नसे. ज्या थोरल्या सर्वेअरच्या हाताखाली तो शिकला, ते कायम नाकावर चष्मा आणि खिशात खडू ठेवणारे गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतं, "हे बघ, कधीही निम्मं-निम्मं लिहायचं नाही. पन्नास हा आळशी माणसाचा आकडा. नीट मोजलं की काटा कुठंतरी झुकतोच. एकावन्न लिही, पण मोजून लिही." ते त्यानं जन्मभर पाळलं. एकतीस वर्षांत एकदाही त्यानं पन्नास लिहिले नव्हते. याचा त्याला अभिमान होता. बोलून दाखवत नसे, पण शर्टाच्या आतल्या खिशात घडी घालून ठेवावा तसा तो अभिमान तो बाळगून होता. या प्रकरणातही काटा झुकवायचा तर दोघांपैकी एकाला निम्म्याच्या वर जावं लागणार होतं. आणि नेमकं तिथंच घोडं अडलं होतं. शाळेचा नियम होता : व्हॅनचालकाचा दोष निम्म्याहून जास्त ठरला, की त्याला कामावर ठेवायचं नाही. परवाना खात्याचा नियम होता : सत्तरीपुढच्या चालकाचा दोष निम्म्याहून जास्त ठरला, की परवाना रद्द. त्याच्या पेन्सिलीतून उतरणारा आकडा या दोन्ही ठिकाणी जाणार होता. असं याआधी झालं नव्हतं असं नाही. पण आधीची माणसं आपला आकडा खाली ओढत असत, त्यामुळे तो वर ढकलताना हात जड होत नसे. ही दोघं स्वतःच पन्नासाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली होती, कुणी न बोलावता.

संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं. ती पिशवीतून संत्री काढून परडीत ठेवत होती. "वेडी असतील दोघं," ती म्हणाली. मग एक संत्रं हातात तसंच धरून म्हणाली, "किंवा शहाणी. पण तुम्हाला काय होतंय एवढं? समोरचा कबूल करतोय, तर तुम्हीच कासावीस."

"संगनमत असेल," तो म्हणाला.

"जास्त शिक्षा मिळावी म्हणून? अहो, असं संगनमत आपल्या घरात झालं असतं तर भाऊजी अकरा वर्षं उंबऱ्याबाहेर राहिले नसते."

ती सहज बोलली आणि संत्री ठेवायला आत गेली. तो तिथेच बसून राहिला. धाकट्या भावाचा विषय या घरात असाच निघे, काही तरी ठेवता-काढताना, पाठमोरा. अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आई गावाहून येणार होती, चारच्या बसनं. फोनवर त्यानं आईला सांगितलं होतं, मी बघतो. मग ऑफिसात एक ट्रक उलटल्याचं प्रकरण आलं आणि त्याला वाटलं, धाकटा स्टँडच्या जवळच राहतो, तो जाईलच. धाकट्याला वाटलं, दादा म्हणालाय ना, मग दादाच जाईल. आई चारपासून आठपर्यंत स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर बसून राहिली, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत नातीसाठी विणलेला स्वेटर होता, आणि तो आपण अंगावर घ्यावा हे तिला सुचलं नाही. सुचलं असेल तरी तिनं तो घेतला नाही, नव्या कपड्याची घडी मोडेल म्हणून. तिला न्यूमोनिया झाला. महिन्याभरानं ती बरी झाली, पुढे दीड वर्ष जगली, गेली ती वेगळ्याच दुखण्यानं. पण ती पुन्हा कधी एकटी प्रवासाला निघाली नाही. ती दवाखान्यात असतानाच एका दुपारी धाकटा त्याच्या घरी आला होता. दारातच उभा होता, काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं त्यानं. आणि यानं त्याच्या हातात एक कागद दिला होता. रात्रभर बसून तयार केलेला, मुद्देसूद, क्रमांक घातलेला. तुझं घर स्टँडपासून किती लांब, माझं ऑफिस किती लांब, तुला सुट्टी, मला काम. आणि शेवटी दुहेरी रेघेखाली : तुझे साठ, माझे चाळीस. धाकट्यानं तो उभ्याउभ्या वाचला, त्याची चार घड्यांची घडी केली, खिशात ठेवली, आणि बुटाची टाच नीट न चढवता, ती पायाखाली चुरगाळत जिना उतरून गेला. तो फरफटत जाणारा आवाज त्याला अजून ऐकू येई. आणि आई? आईला सांगितलं तेव्हा ती उशीवरून म्हणाली होती, "अरे, चूक माझीच. गाडी जरा लवकर आली ना." आईला त्यानं शून्य दिले होते. आपण किती न्यायी आहोत, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी, बरोबर पावणेआठला, त्यानं दोघांना त्याच चौकात बोलावलं. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे व्हॅन रिकामी होती. तिचं पुढचं नाक दबलेलं आणि एक दिवा फुटलेला. व्हॅनवाला चाळिशीचा, भरघोस मिशांचा, उंच माणूस. त्याचा आवाज असा की कुजबुजला तरी पलीकडच्या फुटपाथला ऐकू जावं. मुलं त्याला भोंगाकाका म्हणत, हे त्यानंच आल्याआल्या सांगून टाकलं. बाई लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, गुडघ्यावर हात ठेवून चालणाऱ्या. कोपऱ्यावर औषधांचं दुकान उघडत होतं. सर्वेअरनं बॅगेतून फीत काढली, खडू काढला.

"साहेब, आधी मी सांगतो," व्हॅनवाला म्हणाला.

"तुम्ही का आधी?" बाई म्हणाल्या. "आधी गाडी मी पुढे घातली."

"पण धडकली माझी, बाई."

"तुमची धडकली, कारण माझी आडवी आली."

"आडवी आली तरी मला डोळे होते ना?"

"आणि मला ब्रेक नव्हता का?"

औषधवाला शटर अर्धवट वर करून बघत राहिला. भांडण ओळखीचं वाटत होतं त्याला, पण काहीतरी उलटं होतं, हातमोज्याची आतली बाजू बाहेर काढावी तसं. सर्वेअरनं हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला असं वाटलं, की आपण अशा वर्गात उभे आहोत जिथे सगळी पोरं 'मी, मी' म्हणून हात वर करताहेत, आणि प्रश्न मात्र 'खिडकीची काच कुणी फोडली' हा आहे. "एकेक करून," तो म्हणाला, आणि व्हॅनवाल्याला व्हॅनच्या पुढच्या बाजूला घेऊन गेला.

"सत्तर कसे काढलेत?"

"सहा पोरं होती. दर पोरामागं दहा, झाले साठ. वर दहा माझ्या अकलेचे."

"निम्म्याच्या वर गेलं तर शाळा ठेवत नाही. माहीत आहे?"

"त्या नियमाखाली माझीच सही आहे, साहेब." त्यानं फुटलेल्या दिव्यातली एक काचेची कपची बोटानं उचलली आणि खिशात टाकली, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. "मागच्या सीटवरच्या पोरीनं पट्टा काढला होता. तिच्याकडे आरशात बघत होतो. गाडी बाजूला घेऊन बघायचं असतं, ते मला कळतं. तेरा वर्षं कळतंय. त्या दिवशी कंटाळा केला. आता तुम्ही म्हणाल, कमी लिहायचे होते. रोज सकाळी मी पोरांना सांगतो, जो खोटं बोलेल त्याला पुढच्या सीटवर बसवणार नाही. आणि मी तर रोजच पुढं बसतो."

सर्वेअरनं फीत हातात गुंडाळली. तो बाईंकडे आला. त्या आपल्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभ्या होत्या. आठवड्यातून तीन सकाळी त्या शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात जात, महिनोन्‌महिने खाटेवर पडून असलेल्या मुलांना शिकवायला, हे त्याला फायलीतून कळलं होतं. त्या दिवशीही तिकडेच निघाल्या होत्या. "आठ वर्षांचा एक मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "त्यानं विचारलं होतं, अर्ध्याला अर्ध्यानं भागलं तर उत्तर एक कसं येतं? वाटून दिलं की कमी होतं ना? त्याला हे कसं समजवावं याचा विचार करत मी दुसऱ्या गिअरमध्ये तशीच पट्टीवरून पुढे आले. विचार चांगला होता. पण गाडी चालवताना करायचा नव्हता."

"साठ का लिहिलेत?"

"जन्मभर कुणाला साठाच्या वर मार्क देताना माझा हात आखडायचा. तीच सवय." त्या हसल्या. "खरं तर शंभरच लिहिणार होते. पण मग ह्या व्हॅनवाल्यांसाठी काही उरलंच नसतं, आणि ह्यांना त्यांची चूक हवी होती. अपघात झाल्यावर सगळ्यात आधी ह्यांनी काय केलं, ठाऊक आहे? पोरं मोजली. दोनदा. मग माझ्याकडे आले आणि म्हणाले, बाई, मी बघत नव्हतो. तेव्हा मला धड उतरताही आलं नव्हतं गाडीतून." आणि बाईंनी काय केलं होतं, ते पोलिसांच्या कागदात होतं. दुसरी व्हॅन येईपर्यंत पाऊण तास त्या सहा मुलांबरोबर फुटपाथवर बसून होत्या, पडलेल्या दाताचं मूळ कुठं गेलं ते समजावत.

"तुमचं लायसन्स जाईल," तो म्हणाला. एवढ्या सरळ तो कुणाशी बोलत नसे.

बाईंनी पर्सचं बटण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. तेवढ्या वेळात त्या एकदम बहात्तर वर्षांच्या दिसल्या. "जाईल. बस तिकडे जात नाही, आणि गुडघे हे असे. फार लागेल मला ते. जाईल तर जाऊ दे, असं मी म्हणणार नाही." बटण बंद झालं. "पण त्यामुळे मी पट्टीवर थांबले होते, असं होतं का?"

मग तो मोजायला लागला, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याचं पाऊल पाऊण मीटरचं होतं, पक्कं. तरी त्यानं फीत धरली. रस्त्याच्या वळणापासून गल्लीच्या तोंडापर्यंत अडतीस मीटर. व्हॅनचा वेग ताशी तीस. त्या वेगाला समोर काही दिसल्यापासून थांबेपर्यंत चौदा-पंधरा मीटर पुरतात. म्हणजे व्हॅनवाला समोर बघत असता तर बाईंची सावकाश बाहेर येणारी गाडी त्याला वेळेत दिसली असती आणि आरामात थांबता आलं असतं. त्यानं खडूनं रेघ मारली. मग तो पांढऱ्या पट्टीवर जाऊन उभा राहिला, बाईंच्या उंचीइतका वाकून. वळणापर्यंतचा सगळा रस्ता दिसत होता. म्हणजे बाई एक क्षण थांबल्या असत्या, तर व्हॅनवाला आरशात बघो नाहीतर आकाशात, ती व्हॅन त्यांच्यापुढून सुळकन निघून गेली असती. दुसरी रेघ. तो दोन्ही रेघांच्या मध्ये उभा राहिला. काटा कुणीकडे झुकतो? त्यानं पुन्हा मोजलं, उन्हाची दिशा बघितली, ब्रेकची खूण बघितली, ती जेमतेम दोन मीटर होती. या दोघांना वाचवावं म्हणून तर आपण काटा धरून ठेवत नाही ना, असं त्यानं स्वतःला दरडावून विचारलं. बावन्न निघाले तर लिहीन, असं त्यानं ठरवलं, आणि तिसऱ्यांदा फीत ओढली. पण कुठूनही सुरुवात केली तरी तो त्याच जागी येत होता. एकटी बाईंची चूक टळली असती तरी अपघात पुरता टळला असता. एकटी व्हॅनवाल्याची टळली असती, तरी पुरता. एकतीस वर्षं तो दोष एखाद्या भाकरीसारखा मोडून वाटत आला होता, एकाला मोठा तुकडा दिला की दुसऱ्याला लहान. इथे भाकरी एक नव्हतीच.

"काय झालं हो?" बाईंनी विचारलं. वर्गात पाटीसमोर डोकं धरून बसलेल्या मुलाला विचारावं तसं.

त्यानं त्यांना सांगितलं. तो अडखळत सांगत होता आणि त्या मध्ये न बोलता ऐकत होत्या. व्हॅनवालाही जवळ आला. सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "दोन मुलं भांडून आली की पहिल्या वर्षी मी त्यांना एक कागद द्यायचे. दोघांनी मिळून लिहा, कोण चुकलं. कागद फाटायचा. मग मी दोघांना एकेक वेगळा कागद द्यायला लागले. आपल्या कागदावर फक्त आपलं लिहायचं."

"आणि कागद भरला नाही तर?"

"नाही भरला तर नाही. पण कागद अख्खा ज्याचा त्याचा. शेजारच्याचा किती भरलाय, ते डोकावून बघायचं नाही. एवढंच शिकवायला मला चार वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "मुलांना नाही. मला."

त्यानं निकालाचा फॉर्म काढला. दोघांसाठी एकच कागद, मध्ये एक उभी रेघ. थोरल्या सर्वेअरचा चष्मा त्याला दिसला, नाकावरून खाली घसरलेला. मोजून लिही, असं ते म्हणाले होते. त्यानं व्हॅनच्या बॉनेटवर कागद ठेवून डावीकडे पन्नास लिहिले, उजवीकडे पन्नास लिहिले.  मग खाली, कारणांच्या रकान्यात लिहिलं : 'दोघांपैकी कुणीही एकानं आपली चूक टाळली असती तर अपघात झाला नसता. प्रत्येकाची चूक पूर्ण आहे. फॉर्मवर शंभराच्या पुढे जागा नसल्यामुळे दोन्ही निम्म्या केल्या आहेत.'

व्हॅनवाल्यानं वाकून वाचलं. "म्हणजे माझी नोकरी…" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच नेहमीच्या माणसाएवढा झाला. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "पण साहेब, माझे वीस कमी केलेत तुम्ही."

"माझे दहा," बाई म्हणाल्या. "पन्नास म्हणजे काय, नुसती पास." पण पर्स त्यांनी छातीशी घट्ट धरली होती.

त्या गाडीत बसल्या, गाडी मागे घेऊन गल्लीत वळवली, आणि पुन्हा पांढऱ्या पट्टीवर येऊन थांबल्या. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा होता. त्या थांबूनच राहिल्या. मागून आलेल्या स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. व्हॅनवाला आपल्या भोंग्यासारख्या आवाजात त्याच्यावर ओरडला, "अरे बाबा, थांबल्यात त्या! दिसत नाही?" मग सायीच्या रंगाची गाडी सावकाश बाहेर पडली आणि इस्पितळाच्या दिशेनं गेली, दार चेपलेलं, पण चाल छान सरळ.

तो चौकात एकटा उरला. हातावर खडू लागला होता. त्याला घरी जायचं नव्हतं, ऑफिसातही नाही. त्याला तो सिमेंटचा बाक दिसत होता. चारपासून आठपर्यंत. मी गेलो असतो तर ती तिथे बसली नसती, धाकटा घरी असो, नसो, झोपलेला असो. एवढी साधी गोष्ट. तिच्यात कुठेही चाळीस नव्हते. धाकट्याचं घर स्टँडपासून किती लांब, ते मोजायला तो तेव्हा स्वतः चालत गेला होता, पावलं मोजत. आईकडे चालत जायला मात्र त्याला वेळ झाला नव्हता. त्यानं फोन काढला. अकरा वर्षांत नंबर बदलला असेल, असंही त्याला वाटलं, आणि तो बदललेला असावा असंही थोडंसं वाटलं. पण बोटांना तो पाठ होता.

"हॅलो." आवाज जाड झाला होता. मागे कुठेतरी नळ वाहत होता.

"मी बोलतोय."

नळ बंद झाला. "दादा?" आणि लगेच, घाबरून, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. सगळे बरे आहेत." औषधवाला दुकानातून बघत होता, त्याच्याकडे यानं पाठ फिरवली. "आई स्टँडवर बसली होती ना, तेव्हा मी बघतो असं मीच म्हणालो होतो. मी गेलो असतो तर काहीच झालं नसतं. तू काय केलंस, याचा त्यात काही संबंध नाही. तो कागद चुकीचा होता. माझे शंभर होते."

  एक बस गेली, तिच्या मागून दुसरी.

"तुझी बेरीज चुकतेय, दादा," धाकटा म्हणाला. "शंभर तर माझे होते. तेच सांगायला आलो होतो त्या दिवशी. तोंड उघडलं, तर तू कागद पुढं केलास."

त्याला ते उघडलेलं तोंड दिसलं. अकरा वर्षं ते त्याला भांडायला उघडलेलं वाटत आलं होतं. सवयीनं त्याचा हात शर्टाच्या खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"नाही," तो म्हणाला. "बेरीज बरोबर आहे."